ज्याची बॅट, त्याची बॅटिंग

२००७ साली आपल्याकडे इंडियन क्रिकेट लीग सुरू झाली, तेव्हा ती मोडायला बीसीसीआयने हाताशी होतं ते सगळं वापरलं. खेळाडूंवर बंदी घातली, मैदानं नाकारली. लीग दोन वर्षांत गुंडाळली गेली. पण एक गोष्ट बीसीसीआयलाही जमली नसती: ‘क्रिकेट हा खेळच आमचा आहे, तो तुम्ही खेळू नका’ असं म्हणणं. व्हिडिओ गेमच्या स्पर्धांमध्ये मात्र हे म्हणता येतं. तिथे खेळाला मालक असतो.

योगायोगाने त्याच वर्षी दक्षिण कोरियात अशा एका भांडणाला तोंड फुटलं. स्टारक्राफ्ट हा ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीचा १९९८चा गेम. दोन खेळाडू, दोन फौजा, आणि नकाशावरची खाणसंपत्ती आधी कोण ताब्यात घेतो याची लढाई. कोरियात ‘पीसी बांग’ म्हणजे नेट कॅफेंमधून हा गेम इतका पसरला की ऑनगेमनेट आणि एमबीसीगेम हे दोन टीव्ही चॅनेल त्याचे सामने दाखवू लागले. सॅमसंग, एसके टेलिकॉम अशा कंपन्यांचे पगारी संघ झाले, हवाई दलाचासुद्धा संघ झाला. २००४मध्ये बुसानच्या समुद्रकिनाऱ्यावर अंतिम सामन्याला लाखभर लोक जमल्याचं सांगतात. या सगळ्याचा कारभार केस्पा ही संघटना पाहत होती. संघांच्या मालक कंपन्याच तिच्या सदस्य.

२००७मध्ये केस्पाने आपल्या प्रो-लीगचे प्रक्षेपण हक्क विकले. ज्या चॅनेलांनी हा प्रेक्षक उभा केला, त्यांनाच आता पैसे भरायचे होते. तिथे तडजोड झाली, पण ब्लिझार्डचं लक्ष वेधलं गेलं. आपला गेम, आणि हक्क विकतंय दुसरंच कोणीतरी! वाटाघाटी सुरू झाल्या आणि रखडल्या. दरम्यान गॉमटीव्ही नावाचा तिसरा भिडू आला. त्याची स्पर्धा नीट चालली होती, पण २००९मध्ये केस्पाच्या संघांनी तिच्यातून अंग काढून घेतलं आणि ती बंद पडली.

एका वर्षात फासे उलटे पडले. मे २०१०मध्ये ब्लिझार्डने केस्पाशी बोलणं थांबवून गॉमटीव्हीच्या मालक कंपनीशी, ग्रेटेकशी करार केला: कोरियातल्या स्पर्धा आणि प्रक्षेपण यांचे हक्क फक्त त्यांचे. त्याच उन्हाळ्यात स्टारक्राफ्ट २ आला. गॉमटीव्हीच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत विजेत्याला दहा कोटी वॉन मिळाले. जुन्या गेमचे सामने दाखवत राहिलेले दोन्ही चॅनेल कोर्टात खेचले गेले.

माझा कल आधी केस्पाविरुद्ध होता. दुसऱ्याच्या गेमचे हक्क विकणारे आणि प्रतिस्पर्ध्याची स्पर्धा बंद पाडणारे लोक. पण त्यांचा एक मुद्दा सहज झटकता येत नाही. ब्लिझार्डने विकला तो डबा. त्यातून टीव्हीवरचा खेळ झाला तो कोरियात: डावपेच खेळाडूंनी शोधले, ओरडून ओरडून घसा बसवणारे समालोचक तिथले, नवे नकाशेही तिथेच बनले. मग मालकी नक्की कशाची?

मला यातली सगळ्यात मोलाची बाब मात्र करारात दिसली नाही, ती नेटवर्कमध्ये दिसली. जुन्या स्टारक्राफ्टमध्ये लॅनवर खेळता यायचं. आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एका स्विचला दहा-बारा लॅपटॉप जोडून आम्ही काउंटर-स्ट्राइक खेळायचो, तसंच. वॉर्डनची परवानगी नसायची, पण गेमच्या कंपनीची लागायचीच नाही. केस्पा इतकी वर्षं ब्लिझार्डला न विचारता स्पर्धा भरवू शकली, त्यामागे हे साधं तांत्रिक कारणही होतं. स्टारक्राफ्ट २मधून लॅन काढून टाकलं. ब्लिझार्डने पायरसीचं कारण दिलं, आणि ते खोटं नसेल. पण परिणाम असा की जगातला प्रत्येक सामना ब्लिझार्डच्या सर्व्हरवरून जाऊ लागला. भर स्पर्धेत कनेक्शन तुटलं की सामना वाया. तुटलेला सामना रेकॉर्डिंगवरून पुढे सुरू करायची सोय यायला २०१३ उजाडलं. नोकरीत मी रोज दुसऱ्या कंपन्यांच्या एपीआयवर इमारती बांधतो, त्यामुळे हे ओळखीचं वाटतं. करारातलं कलम कोर्टात भांडून वाकवता येतं. पण सर्व्हरने लॉगिन नाकारलं तर युक्तिवाद कोणापुढे करणार?

मे २०११मध्ये समेट झाला, केस्पाच्या बाजूला परवाना मिळाला. २०१२च्या सुरुवातीला एमबीसीगेमचं संगीताचं चॅनेल झालं. त्याच्या थोडं आधी लीग ऑफ लेजंड्स कोरियात आला होता, आणि तरुण प्रेक्षक तिकडे वळला. त्या वर्षी केस्पाच्या खेळाडूंना स्टारक्राफ्ट २ नव्याने शिकायला बसावं लागलं. दहा वर्षं बोटांत मुरलेलं कौशल्य बाजूला ठेवून. वाटाघाटींच्या टेबलावर त्यांच्यासाठी खुर्ची कधीच नव्हती. प्रो-लीग २०१६मध्ये संपली.

त्याच वर्षी, आफ्रिका टीव्ही या स्ट्रीमिंग साइटवर जुन्या, १९९८च्या स्टारक्राफ्टची लीग सुरू झाली. जुने खेळाडू परतले, काही वेबकॅमसमोर, काही मंचावर. गल्लीत बॅटचा मालक आउट झाला की बॅट घेऊन घरी जायचा, आणि उरलेले थोडा वेळ फळकुटाने खेळायचे. इथे तर फळकुटही मालकाचंच आहे. तरी लोक खेळतायत. मी रात्री जेवताना त्यांचे सामने बघतो. कोरियन अजिबात कळत नाही, पण समालोचकाचा आवाज चढला की चमचा हातातच राहतो.