विहिरीचं पाणी आणि माझी खताची वही



ही गेल्या वर्षी चातुर्मासाच्या आधीची गोष्ट. तेव्हा लिहायचं धाडस झालं नाही, म्हणून आता लिहिते.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. घरात नळ आला, तरी महाराजांच्या आहारासाठी चौक्याला पाणी आमच्या मळ्यातल्या विहिरीचंच जायचं. सासूबाईंच्या काळापासूनचा हा मान. लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकाच्या आधी त्यांनी मला पाणी गाळायला शिकवलं. फडकं जाड आणि दुहेरी हवं. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटंच चालतं, पुढं पुन्हा गाळायचं. जिवाणी ज्या पाण्यातली त्याच पाण्यात परत सोडायची. त्यासाठी बुडाला कडी असलेली छोटी बादली होती. ती पाण्याला टेकली की मगच दोर ओढून उलटी करायची, कारण वरून ओतलं तर जीव आपटून मरतात. चाळीस वर्षांत मी हे कधी चुकवलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा गर्वही होता.

नात आठवीत होती. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी मुलांचे गट केले आणि प्रत्येक गटाला पाच ठिकाणचं पाणी तपासायला सांगितलं. नळ, बोअर, ओढा, नदी आणि विहीर. विहीर अर्थातच आमची. मी मोठ्या हौसेनं पाणी गाळून दिलं.

जंतू तपासायची एक छोटी बाटली असते. खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं. दूषित असेल तर एक-दोन दिवसांत काळं पडतं. दुसऱ्या दिवशी नळाच्या पाण्याची बाटली होती तशीच होती, आणि विहिरीची काळी झाली होती.

"अगं, पण गाळलेलं होतं ते!" मी म्हटलं.

"आज्जी, हे जंतू इतके बारीक असतात की फडक्यातून सहज जातात."

मला वाईट वाटलं, पण मनाची समजूत घातली. चौक्यात आपण पाणी उकळतोच की. उकळल्यावर जंतूंचा प्रश्न राहत नाही, हे तिलाही पटलं.

मग तिनं नायट्रेटची तपासणी केली. पाण्यात पावडर टाकली की गुलाबी रंग येतो, तो तक्त्याशी ताडून बघायचा. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. आमचा रंग त्याच्या बराच पुढं गेला.

"हेही उकळलं की जाईल ना?"

"नाही आज्जी. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. उलट जास्त घट्ट होतं."

तिच्या तक्त्यात पुढचा रकाना होता, विहिरीच्या आसपास काय काय आहे. तिनं लिहिलं, उकिरडा, गोठा, ऊस. मग विचारलं, "आज्जी, या उसाला युरिया किती घातला?"

घरात खताचा हिशोब मीच लिहिते. बी.कॉम. झाले त्याचा एवढा तरी उपयोग. तोपर्यंत ती वही पैशांचीच होती. त्या दिवशी मात्र ती कपाटातून काढावी की 'सापडत नाही' म्हणावं, असा विचार क्षणभर मनात आला. मग काढली.

एकरी नऊ पोती. ४५ किलोच्या पोत्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो. नऊ पोत्यांचं झालं १८६ किलो. आमची लागण सुरू उसाची, आणि कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो. पाच पोती पुरली असती. उरलेलं गेलं कुठं? पाटानं भरपूर पाणी सोडायचं, त्याबरोबर ते जमिनीत उतरायचं आणि विहिरीत यायचं.

यांना सांगितलं तर म्हणाले, "सगळेच टाकतात. आणि पोतं आहे केवढ्याचं?" तेही खरंच. २६६ रुपये ५० पैसे. स्वस्त आहे म्हणून तर हात सैल सुटतो.

त्या रात्री सामायिकाला बसले, पण चित्त लागेना. रत्नकरंड श्रावकाचारात पाणी, माती, अग्नी, वारा यांचा निष्कारण आरंभ हा अनर्थदंडात धरला आहे, हे मी पाठशाळेत मुलांना किती वेळा सांगितलं असेल. जिवाणी मी बादलीनं हळुवार सोडत होते, आणि त्याच पाण्यात बाजूनं खत उतरत होतं.

खात्री करून घ्यायला नमुना सरकारी प्रयोगशाळेत दिला. आकडा आला ८२. मग मंडळाच्या बैठकीत सांगावंच लागलं. एकजण म्हणाली, "इतकी वर्षं कुणाला काय झालं?" दुसरी मात्र गप्प झाली. तिच्या घरी दोन महिन्यांचं बाळ होतं, आणि 'शुद्ध' म्हणून त्याच्या वरच्या दुधाला आमच्याच विहिरीचं पाणी जात होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना जास्त नायट्रेटनं रक्तातून प्राणवायू कमी मिळतो, अंग निळसर पडतं. बाळ सुखरूप होतं. पण मला तिच्याकडं बघवेना.

त्या चातुर्मासात चौक्याचं पाणी चढावरच्या दुसऱ्या विहिरीवरून आलं. मुलांनी ते तपासलं होतं, नायट्रेट मर्यादेत होतं. आमचा मान गेला. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे माझ्या मनात अजून येतं.

आता उकिरडा लांब हलवला आहे. युरिया पाच पोती, तोही थोडा थोडा करून. अर्ध्या रानाला ठिबक केलं. ऊस थोडा कमी उतरला, त्यावरून यांची कुरकुर चालू असते. यंदा पुन्हा तपासलं तर ७६. मी हिरमुसले. नात म्हणाली, "जमिनीत इतकी वर्षं साठलंय आज्जी, एवढ्यात कसं जाईल?"

मी अजून पाणी गाळते, जिवाणीही सोडते. ते जीवदयेसाठी आहे आणि राहील. पाणी प्यायला योग्य आहे का, हे मात्र तपासल्याशिवाय कळत नाही. दोन्ही कामं आपलीच आहेत.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवतात, किटही देतात. तुमच्या ग्रामपंचायतीत जरूर चौकशी करा. ज्यांच्या चौक्याला विहिरीचं पाणी येतं, त्यांनी चातुर्मासाच्या आधी एकदा तपासून घ्या. आणि शेती असेल तर खताची वहीही एकदा काढून बघा.

जय जिनेंद्र.