डायरीच्या मागच्या पानांवरचा हिशेब

आमच्या कार्यालयात कुणी जरा विचित्र वागला की शेरा पडतो, "ह्याला ठाण्याला पाठवा रे!" पुण्याकडचे लोक येरवड्याचे नाव घेतात, विदर्भातले नागपूरचे. अशा विनोदांना मीही हसलो आहे. 2011 साली धाकट्या भावाला आजार झाला आणि ते हसू गेले.

भाऊ आयटीआय झालेला, फिटर. एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला होता. आधी त्याची झोप उडाली. मग शेजारपाजारचे आपल्याबद्दलच बोलतात, पंख्यातून आवाज येतात, असे तो म्हणू लागला. कुणीतरी ताटात काही कालवते म्हणून आईच्या हातचे जेवणही त्याने बंद केले.

मी बी.कॉम. झालेला, वस्तीवस्तीत अंधश्रद्धेवर भाषणे देणारा कार्यकर्ता. तरी बंधू-भगिनींनो, खरे ते सांगतो. दवाखान्याच्या आधी आम्ही देवऋषी गाठला. आजोबांनी 1956 नंतर घरातले देव नदीत सोडले होते. मावशीने हट्ट धरला आणि मी गप्प बसलो. साडेतीन हजार रुपये गेले, एक कोंबडा गेला. सात महिने गेले ते सर्वांत महाग पडले. हा आजार जितका लवकर हातात घ्यावा तितका बरा, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. "झाकली मूठ सव्वा लाखाची" म्हणतात. आमची मूठ झाकून ठेवण्यातच भाऊ अधिक आजारी झाला.

मग जिल्ह्याच्या सिव्हिलच्या वाऱ्या सुरू झाल्या. मानसिक विभागाची ओपीडी आठवड्यातून एकच दिवस. मी पडलो कारकून, म्हणून डायरीच्या मागच्या पानांवर हिशेब मांडत गेलो. केसपेपर नाममात्र पैशांत, तपासणी मोफत. पण दोघांचे एस.टी.चे भाडे, दुपारचा वडापाव, आईची बुडालेली शेतमजुरी, माझी किरकोळ रजा आणि "गोळी संपली, बाहेरून घ्या" म्हटल्यावर मेडिकलचे बिल. मोफत उपचारांचा हा खर्च होता!

पुढे 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाची माहिती वाचनात आली. ते बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केले होते. निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, असे त्यात आढळले. उपचार आणि प्रवास यांवर कुटुंबाचे महिन्याला हजार ते दीड हजार रुपये जातात, हेही त्यात होते. माझ्या डायरीतली बेरीज तीच! सर्वेक्षण 12 राज्यांत झाले, त्यांत आपला महाराष्ट्र नव्हता. तरी आकडा जुळला.

2022 साली आपला देश ब्रिटनला मागे टाकून जगातली पाचवी अर्थव्यवस्था झाला, तेव्हा कार्यालयात पेढे वाटले गेले. पेढा मीही खाल्ला. पण देश श्रीमंत झाला म्हणजे तालुक्यातल्या रुग्णापर्यंत गोळी पोहोचते काय? जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज असा, की गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत तीव्र मानसिक आजाराच्या 76 ते 85 टक्के रुग्णांना काहीच उपचार मिळत नाहीत. श्रीमंत देशांत हेच प्रमाण 35 ते 50 टक्के. पैशाने फरक पडतो, हे उघड आहे. पण घरात सर्व काही असलेल्या देशांतही तिघांत एक जण तरी उपचाराविना राहतो, याचाही विचार व्हावा.

काही विद्वान याच्या उलट दाखला देतात. याच संघटनेने नऊ देशांत जो अभ्यास केला त्यात आपले आग्रा होते. आग्र्याचे आणि नायजेरियातल्या इबादानचे स्किझोफ्रेनियाचे रुग्ण पुढे लंडन वा डेन्मार्कमधल्या रुग्णांपेक्षा बरे सावरलेले दिसले. यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. घर आणि माणसे जवळ असतात म्हणून, असे कारण सांगतात. असेलही. पण ते घर म्हणजे कोण? आमच्या घरी ती आई आहे. रात्री दोनला उठून दाराची कडी बघणारी. तिच्या मायेवर सरकारने आपला खर्च वाचवावा, हे मला पटत नाही.

2017 चा मानसिक आरोग्य कायदा 2018 पासून लागू आहे. यादीतली आवश्यक औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वर सर्व सरकारी ठिकाणी सर्व काळ मोफत मिळावीत, असे त्याचे 18 वे कलम म्हणते. कायदा झाल्यावरच्या एका पावसाळ्यात तालुक्याला रिस्पेरिडोन नव्हती. गोळ्या तीन आठवडे चुकल्या आणि भाऊ घरातून निघून गेला. अकरा दिवसांनी एका रेल्वे स्टेशनच्या बाकावर सापडला. पायात चप्पल नव्हती. मला बघून एवढेच म्हणाला, "दादा, उशीर केलास."

त्यानंतर त्या कलमाची झेरॉक्स मी केसपेपरच्या पिशवीतच ठेवतो. खिडकीवर "संपली" म्हटले की आवाज न चढवता ती पुढे करतो आणि लेखी मागतो. दोनदा कपाटातून गोळ्या निघाल्या; एकदा खरेच नव्हत्या, तेव्हा लेखी मिळाले. ते घेऊन वर अर्ज केला. वस्तीतल्या आणखी चार घरांना तशाच प्रती दिल्या, सोबत टेलिमानसचा मोफत नंबर 14416 लिहून. त्यांपैकी दोन घरांत आजवर कुणाला काही सांगितलेले नव्हते.

भाऊ आता सायकलच्या दुकानात अर्धा दिवस बसतो. येत्या मंगळवारी तारीख आहे. आईने पिशवी आत्तापासूनच खुंटीला अडकवून ठेवली आहे.