चेंडू कोणाच्या हाताचा?

चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेच्या आठवड्यात आम्ही उभयता न्यू जर्सीला धाकट्या चिरंजीवांकडे गेलो. प्रवासाचा शीण उतरण्यापूर्वीच नातवाने एक जड खोके माझ्यापुढे आणून ठेवले. आत बोलिंगचा नवा चेंडू होता. गडद निळा, मंद तकाकीचा, वजन १४ पौंड, म्हणजे सहा किलोंहून थोडे अधिक. वडिलांनी दिलेली ती दिवाळीची भेट होती. बोटांसाठी छिद्रे पाडण्याच्या मजुरीसह किंमत दोनशे डॉलरच्या वर गेली होती. नातू म्हणाला, "दादाजी, तुम्ही मालाची पारख करता ना? मग याची करा."

न्यू जर्सीत बोलिंग हा माध्यमिक शाळांचा हिवाळी खेळ आहे. शाळेच्या संघाची निवड तीन आठवड्यांवर आली होती आणि नवा चेंडू हाती आल्यापासून या मुलाचे गुण वाढण्याऐवजी घसरत होते. ते मात्र त्याने मला त्या दिवशी सांगितले नाही.

माझी पहिली शंका आपल्या घरातली होती: यात चामडे, सरस असे काही आहे काय? चेंडूत नाही. त्याचे कवच कृत्रिम रेझिनचे असते. परंतु चेंडूवरचे तेल पुसण्यासाठी 'शॅमी' नावाची जी गादी सर्रास वापरतात, ती बहुधा चामड्याची असते, आणि चांगले म्हणवले जाणारे बूटही पुष्कळदा चामड्याचेच. मायक्रोफायबरचे फडके तेच काम उत्तम करते व कृत्रिम कापडाचे बूटही मिळतात. ज्यांची मुले परदेशी हा खेळ खेळतात त्यांनी एवढे पाहून घ्यावे.

नगरला आमचा रंग व हार्डवेअरचा व्यवसाय असल्याने चेंडूच्या कवचाची भाषा मला परकी वाटली नाही. पूर्वी हे चेंडू कठीण लाकडाचे असत, विसाव्या शतकाच्या आरंभी कठीण रबराचे आले, मग पॉलिएस्टरचे, १९८० च्या सुमारास युरेथेनचे, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी 'रिॲक्टिव्ह रेझिन'चे. आपण लाकडाला जे पीयू पॉलिश देतो, त्याच कुळातले हे शेवटचे दोन. रिॲक्टिव्हमध्ये मिसळलेल्या द्रव्यांमुळे कवचाला डोळ्यांस न दिसणारी सूक्ष्म रंध्रे राहतात आणि ती तेल शोषतात. नातवाचा चेंडू याच जातीचा होता. त्यावर मोतिया झाक नव्हती आणि पृष्ठभाग २००० नंबरचा पॉलिश पेपर घासल्यासारखा मंद होता.

हे सारे तेलासाठी. बोलिंगची लाकडी दिसणारी वाट रेषेपासून पहिल्या खुंटीपर्यंत ६० फूट असते. तिच्या आरंभीच्या सुमारे ४० फुटांवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो आणि पुढचा भाग कोरडा. चेंडू तेलावरून सरकत जातो, कोरड्यावर त्याची पकड बसते आणि तो वळतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे वळून पहिल्या व तिसऱ्या खुंटीच्या मधल्या फटीत तिरका शिरला, तर दहाच्या दहा खुंट्या पडण्याचा संभव सर्वांत अधिक. सरळ गेलेल्या चेंडूला तो तिरकस प्रवेश साधत नाही. म्हणून लोक वळणाऱ्या चेंडूसाठी पैसे मोजतात.

शनिवारी सकाळी, नुकतेच तेल घातलेल्या वाटेवर, मी वही घेऊन बसलो. पहिल्या डावात चेंडूने आपली किंमत दाखवली. भरपूर तेलातही तो डगमगला नाही. वळण ठाम, खुंट्यांवरचा आघात जड. दुसऱ्या डावापासून मात्र चित्र पालटले. इतरांच्या चेंडूंनी वाटेवरचे तेल ओढून नेले आणि हा चेंडू निम्म्या वाटेतच वळू लागला. खुंट्यांपाशी पोहोचेतो त्याचा जोर सरलेला असे. कधी तो पहिल्या खुंटीच्या डाव्या अंगास जाई, तर कधी फटीत शिरूनही उजव्या कोपऱ्यातील दहावी खुंटी उभीच राही. तिसऱ्या डावात तर मुलगा प्रत्येक फेकीला अंगातला सारा जोर लावत होता. फेक वेगवान झाली तर चेंडू उशिरा वळेल, हा त्याचा हिशेब होता आणि तो बरोबरही होता. पण चौदा वर्षांच्या बारीक चणीच्या मुलाने तो वेग आणावा कोठून? त्याचा जुना चेंडू १२ पौंडांचा, चकचकीत मोतिया कवचाचा होता. तो कमी तेल धरी, अधिक लांब सरके आणि त्याच्या संथ फेकीला शेवटी नेमका वळे.

डिसेंबर जवळ आला की तेथे साडेचारलाच सूर्यास्त होतो. चौविहारामुळे माझा डबा आम्ही गाडीतच उघडला. पोळीचा घास मोडताना नातू डावा हात वापरत होता. मी विचारले तेव्हा त्याने उजवे मनगट पुढे केले. आतल्या बाजूला सूज होती. तो म्हणाला, "पप्पांना सांगू नका, दादाजी. त्यांनी इतका महाग आणला आहे."

मला आमच्या दुकानातली एक गोष्ट आठवली. एका शेतकऱ्याला पश्चिमेकडच्या दरवाजासाठी साधा ऑइल पेंट हवा होता. मी त्याच्या गळी महागडे पीयू पॉलिश उतरवले, आणि तेही आतल्या फर्निचरचे. माल अव्वल होता, खोटे एक अक्षर मी बोललो नव्हतो. दोन उन्हाळ्यांत ते पिवळे पडून सालपटासारखे निघाले. तो भांडायला आला असता तर मला बरे वाटले असते. तो पुन्हा दुकानाची पायरीच चढला नाही.

मुलाची विनंती मी मानली नाही. मनगट डॉक्टरांना दाखवणे भाग होते. त्यांनी दहा दिवसांची विश्रांती सांगितली. रात्री चिरंजीवांसमोर वही उघडली. तो थोडा दुखावला. "बाबूजी, दुकानदाराने सर्वांत चांगला म्हणून हाच दिला," तो म्हणाला. चेंडू चांगलाच आहे, मी म्हटले. वेगाने फेकणाऱ्या आणि फिरकी कमी देणाऱ्या प्रौढ माणसासाठी, भरपूर तेलाच्या वाटेसाठी. पृष्ठभाग घासून चकचकीत केला तर काही फूट अधिक सरकेल, परंतु १४ पौंडांचे १२ होणार नाहीत. तो बराच वेळ वही चाळत राहिला. मग म्हणाला, "मनगटाचे त्याने मला का सांगितले नाही?" त्याचे उत्तर त्यालाही ठाऊक असावे, मी ते दिले नाही.

तेथे काही जण सहा-सहा चेंडू चाकांच्या पिशवीतून ओढत नेतात. वाटेगणिक तेल निराळे, म्हणून चेंडू निराळा. परिग्रह-परिमाण घेतलेल्या माझ्यासारख्याला ते पाहून हसू येते, पण त्यांची गरज खोटी नाही. नवशिक्याला आणि मुलाला मात्र एकच पुरे: हाताच्या मापाने छिद्रे पाडलेला, खांद्यास पेलणारा, मध्यम वळणाचा. सरळ फेकून उरलेली एकटी खुंटी पाडण्यासाठी तेथे ठेवलेला पॉलिएस्टरचा सार्वजनिक चेंडू चालतो. निळ्या चेंडूसारखा तीव्र चेंडू दुसरा म्हणून, ताकद आल्यावर घ्यावा.

पुढच्या आठवड्यात चिरंजीवांनी चेंडू छिद्रे पाडणाऱ्याकडे नेला, जुनी छिद्रे बुजवून स्वतःच्या हाताच्या मापाची करून घेतली. मजुरी पुन्हा पडली. त्याची फेक सरळ आणि दांडगी आहे. तिसऱ्या डावातही चेंडू त्याच्याकडून खुंट्यांपाशी जाऊनच वळत होता.

नातू जुना मोतिया चेंडू घेऊन निवडीला गेला. त्याला राखीव खेळाडूंत घेतले. घरी आल्यावर त्याने आधी वडिलांचे गुण विचारले आणि माझ्या वहीत ते लिहून घेतले.