गोदाकाठची रात्र आणि चौकटीवरचा खिळा

'जालना सोन्याचा पालना' असे जुने लोक म्हणत. आजचे जालना लोखंडाचे आहे. औद्योगिक वसाहतीच्या बाजूने रात्री शहरात यावे, तर रोलिंग मिलच्या उघड्या शेडमधून लालभडक सळया सापासारख्या सळसळत जाताना दिसतात. शहराला रात्र अशी कळतच नाही. पण अंबड चौफुली मागे पडली की दहा मिनिटांत सगळे बदलते. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, कपाशीचे रान, आणि काळोख. ऊस तुटण्याच्या दिवसांत अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तेवढ्या भेटतात. गाडीच्या मागची तांबडी पट्टी लांबूनच चमकते, बैल वळले तर त्यांचे डोळेही चमकतात. वडीगोद्री, मग शहागड, आणि त्यापुढे गोदावरी. नदी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. आम्ही ओलांडत नाही. अलीकडेच, नदीच्या कडेकडेने आत वळतो. तिथल्या एका लहान गावात आमच्या फुफीचे घर आहे.

हा भाग पाण्याचा आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्याचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतून जातो. कालव्याने ऊस आणला, विहिरींना पाझर दिला. पाणी आले तरी ते उपसायला वीज लागते, आणि शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्यामुळे इथला शेतकरी पंचांगाआधी विजेची पाळी पाहतो. "औंदाच्या आठवड्याला रातची लाईट हाय," हे वाक्य पारावर ऐकू येते आणि मग सगळ्या घराची झोप त्याप्रमाणे लागते किंवा मोडते. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, आणि काही गावांत सूर्याची वीज दिवसा मिळूही लागली. पण गहू-हरभऱ्याला थंडीत मध्यरात्री दारे धरायला जाणारी माणसे अजून कमी झालेली नाहीत.

अशा घरात बॅटरी ही चैनीची वस्तू नसते. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, आमच्या आजोबांच्या पिढीने चोरबत्ती म्हटले, पण मराठवाड्यात ती बॅटरी. आत घालतात ते सेल. दुकानात 'बॅटरी द्या' म्हटले की दुकानदार विचारतो, "हातातली का मोटारसायकलची?"

फुफीच्या घरी आम्ही गेलो तेव्हा रात्रीचीच पाळी चालू होती. बाराच्या सुमारास भाईजान उठले. दिवा लावला नाही, कोणाला हाक मारली नाही. चार पावले, चौकटीकडे हात, आणि बॅटरी हातात. कडी काढली ती सुद्धा बॅटरीच्या उजेडात. आम्हाला शहरात रोज ऐकू येणारे 'अरे बॅटरी किदर रखी?' हे वाक्य त्या घरात उच्चारले गेले नाही. सकाळी पाहिले तर चौकटीच्या उजव्या अंगाला, छातीएवढ्या उंचीवर एक जाड खिळा, त्यावर पांढऱ्या नायलॉनच्या दोरीने टांगलेली बॅटरी, आणि तिच्या गळ्याला बोटभर रुंद फिकट हिरवट पट्टी. भाईजान म्हणाले, "हात को मालूम होना, आँख को नई."

मग पुढच्या घरात पाहिले. तिथेही खिळा. त्याच्या पुढच्या घरातही. अख्ख्या गल्लीत, उजव्याच बाजूला.

कारण फुफीने सांगितले. काही वर्षांपूर्वी याच गल्लीतली एक बाई पावसाळ्यात रात्री लाईट गेली म्हणून उठली. बॅटरी खाटेखाली घरंगळत गेली होती. गोल बॅटरी, शेणाने सारवलेली थोडी उताराची जमीन. ती ओणवी होऊन खाटेखाली हाताने चाचपडत राहिली. बोटाला काहीतरी टोचले. उंदीर असेल म्हणाली, बॅटरी सापडली, कामही केले. तासाभराने पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे जड झाले. मण्यार होता. नशीब, घरच्यांनी वेळ घालवला नाही. लस मिळाली, चार दिवस यंत्राच्या श्वासावर राहिली, आणि अल्लाहच्या कृपेने परत आली. ती आजही त्या गल्लीत आहे. सगळ्यांत मोठा खिळा तिच्या घरात आहे.

आम्ही शिक्षक माणसे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावे वर्गात दरवर्षी पाठ करून घेतो. पण मण्यार कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी असतो, हे पाठ करून घेणे जास्त कामाचे आहे. तो रात्रीचा फिरणारा. भिंतीच्या कडेने, खाटेखाली, जमिनीवरच्या अंथरुणात येणारा. त्याचा दंश फारसा दुखत नाही, सूजही क्वचित येते, म्हणून माणूस गाफील राहतो. आणि अंधारात बॅटरी शोधणारा हात नेमका तिथेच जातो, जमिनीलगत, कोपऱ्यात, फडताळाच्या मागे. बॅटरी नसलेल्या घरातला माणूस निदान जागचा हलत नाही. बॅटरी आहे, पण कुठे आहे ते माहीत नाही, हा प्रकार आम्हाला त्याहून धोक्याचा वाटतो.

दंशाचा संशय जरी आला तरी काय करायचे, ते थोडक्यात. कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. हात किंवा पाय हलवू न देता तालुक्याचे सरकारी रुग्णालय गाठावे, १०८ ला फोन करावा. या चारही सापांवर एकच लस चालते. ताईत आणि मांत्रिक यांच्या वाटेने जाऊ नये. दुआ गाडीत बसूनही मागता येते.

फुफीच्या घरातली आणखी एक गोष्ट आम्हाला पटली. तिथे बॅटऱ्या दोन आहेत. एक शेताची, एक घराची, आणि घराची बॅटरी शेतात जात नाही. हे साधे वाटते, पण किती घरांत पाळले जाते? पुरुष रात्री पाण्यावर गेला की घरातला एकुलता एक उजेड घेऊन जातो. मागे राहतात सासू, सून, लेकरे. लाईट गेली, लेकराला लघवीला उठवायचे झाले, तर बाई काडीपेटी शोधते. भाभी म्हणाल्या, "पहिले ये एकच थी. फिर मैंने बोली, खेत में साँप है तो घर में क्या कबूतर है?" दुसरी बॅटरी त्या आठवड्यात आली.

मोबाईलला बॅटरी असतेच की, असे तरुण मुले म्हणतात. असते. पण लाईट दिवसभर नसली की मोबाईल रात्री अकरालाच मान टाकतो, आणि तो असतो मुलाच्या उशाशी, आईच्या नाही. शिवाय अंधारात एकदम पडद्याकडे पाहिले की डोळे दिपतात.

घरातल्या अंधाराविषयी आपल्या दीनमध्ये फार बारकाईने सांगितले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झोपण्यापूर्वी अंथरूण झटकायला सांगितले, कारण आपल्या मागे त्यावर काय येऊन बसले ते माणसाला माहीत नसते. झोपताना दिवे विझवायलाही सांगितले. उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि घर जळते. हजरत आयशा (रजि.) सांगतात की त्या काळी घरांत दिवे नसत. ही हदीस मुलांना सांगितली की ती थोडी गप्प होतात. अंथरूण झटकणारी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्याच सवयीच्या शेजारी बॅटरीची सवय बसवणे अवघड नाही. फुफीच्या घरी जुम्याला नखे काढतात, त्याच वेळी बॅटरी लावून पाहतात. उजेड पिवळट पडला तर सेल बदलतात. पाझरलेला सेल तसाच राहिला तर आतली स्प्रिंग हिरवी पडते आणि ऐन वेळी बटण दाबूनही काही होत नाही.

आणखी एक हिशोब आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२६ चा रमजान फेब्रुवारीत सुरू झाला. पुढची काही वर्षे तो थंडीतच फिरणार आहे. म्हणजे गव्हाच्या पाण्याच्या रात्री आणि सेहरी एकाच महिन्यात. नवरा दारे धरून ओल्या पायांनी परत येतो, त्याच वेळी बायको चूल पेटवायला सरपण काढायला जाते. सरपणाचा ढीग ही विंचवाची हक्काची जागा. त्या बाईच्या हातात घराची बॅटरी हवी.

विंचवावरून आठवण झाली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला भोकरदन तालुका आहे, आणि त्यातले देहेड हे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे गाव. जालन्याच्या या मुलाने पुढे कोकणात महाड येथे विंचूदंशावर काम केले. लाल विंचवाचे विष हृदयावर काय करते याची त्यांची निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू पुष्कळ कमी करता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या वर्गातल्या मुलांना हे नाव माहीत नसते, याचे वाईट वाटते.

भोकरदनला आम्ही गेलो ते एका लग्नाच्या निमित्ताने, पण डोक्यात ती हिरवट पट्टी होती. भाईजानांनी ती 'रेडियम' म्हणून आणली होती. गंमत अशी की गाडीचे नंबर घालणाऱ्या दुकानात दोन वेगळ्याच वस्तूंना रेडियम म्हणतात, आणि दोन्हींत रेडियम नसते. खरे रेडियम १८९८ साली मेरी आणि पिएर क्युरी यांनी शोधले. पुढे अमेरिकेतल्या कारखान्यांत घड्याळाच्या तबकड्यांवर ते रंगवणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांनी सारखे करत. किरणोत्सारामुळे त्यांच्यातल्या कितीतरी जणी जबड्याच्या भयंकर दुखण्याने गेल्या. तो रंग कधीच बंद झाला. नाव मात्र आमच्या बसस्थानकाबाहेरच्या टपरीवर उरले आहे.

टपरीवरची पहिली वस्तू म्हणजे उसाच्या गाडीमागची पट्टी. ती स्वतः उजळत नाही. आपल्या गाडीचा दिवा तिच्यावर पडला तर तो परत फेकते, बैलाच्या डोळ्यासारखी. अंधाऱ्या घरात बॅटरीला ही पट्टी लावून काही उपयोग नाही, कारण तिला उजेड दाखवायला आधी बॅटरी सापडायला हवी! दुसरी वस्तू उजेड पिऊन ठेवते आणि अंधारात हळूहळू सोडते. तिच्यातही दोन जाती. जुनी, झिंक सल्फाइडची, जिचा उजेड थोड्या वेळात मावळतो. आणि स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची, जी १९९० नंतर जपानमध्ये निघाली आणि पुष्कळ तास मंद उजळत राहते. मात्र तिला दिवे मालवेपर्यंत उजेड मिळाला पाहिजे. म्हणून खिळा ट्यूबलाइटच्या समोर हवा, दाराच्या मागे नको.

रात्रभर मिटलेले डोळे अंधाराला सरावलेले असतात. त्यासाठी वीस-तीस मिनिटे लागतात. त्यामुळे पहाटे तो मंद ठिपकाही पुरेसा दिसतो. तरी दिसला नाही तर थेट त्याच्याकडे न पाहता जरा बाजूला पाहावे. मंद उजेड ओळखणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी नसतात, कडेला असतात. मुलांना हे करून दाखवले की फार मजा वाटते. पट्टी मिळालीच नाही तर पांढऱ्या कापडाची चिंधी बांधावी. काळ्या बॅटरीपेक्षा ती लवकर नजरेस येते.

भोकरदनच्या टपरीवाल्याने आमच्यापुढे दोन गुंडाळ्या ठेवल्या आणि दोन्ही एकच आहेत असे सांगितले. आम्ही दोन्हींचे टोक उन्हात धरले, मग ओंजळीचा अंधार करून आत एक डोळा लावला. एक काळेच राहिले. दुसरे हिरवे दिसले. टपरीवाल्यानेही ओंजळीत डोकावून पाहिले आणि हसला. दुसऱ्या गुंडाळीतली हातभर पट्टी आम्ही कापून घेतली. तेवढ्यात आठ बॅटऱ्यांचे गळे झाले, आणि उरलेला तुकडा फुफीच्या घरी मोरीच्या दाराच्या कडीला लागला.