कोरडी चड्डी

आज लेक आपणहून म्हणाली, "आई, शू." अडीच वर्षांची आहे. तेवढ्यात ओझरच्या आभाळातून एचएएल कारखान्याचं सुखोई विमान गरजत गेलं, ती दचकून गळ्यात पडली, तरी चड्डी कोरडी!

तान्ही असताना सासूबाई तिला दोन्ही पायांवर बसवून तोंडाने "श्शूऽ" करायच्या. पुढे मी पॉटी आणली, घाई केली, एकदा ओरडलेसुद्धा. मग ती शी दाबून धरायला लागली. पोट कडक, रडारड. डॉक्टर म्हणाले, दीड ते तीन वर्षांत मूल आपलं आपण तयार होतं, मागे लागू नका. पॉटी माळ्यावर गेली. पपई, भाज्या, भरपूर पाणी. हळूहळू शी मऊ झाली, भीती गेली. ओरडले त्याची रुखरुख अजून आहे.

रात्री डायपर लागतो. लागू दे.