विंचवाचे बिऱ्हाड

आमच्या दिवाणखान्यात सध्या मारुती ऑम्नीचे मागचे आसन आहे. करड्या रेक्झिनचे, मध्यभागी थोडे खचलेले, खाली लोखंडी पाय. पाहुणे त्यावर बसतात, त्यांचे गुडघे हनुवटीच्या दिशेने वर येतात, आणि मग कुणीतरी विचारतेच, की हा सोफा इतका बुटका का. मीरा रोडच्या साडेचारशे चौरस फुटांत ‘दिवाणखाना’ हा शब्द मुळातच उधारीचा. त्यात हे आसन आल्यापासून पुस्तकांच्या एका कपाटाला स्वयंपाकघरात स्थलांतर करावे लागले. (समीक्षेची पुस्तके फोडणीच्या वासाने अधिक रुचकर होतात, असा आमचा अनुभव आहे.) गाडीत घर करायला निघालो आणि निम्मी गाडीच घरात येऊन बसली.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही चाळिशी ओलांडलेले, दोघेही महाविद्यालयात शिकवणारे. एक कायम नोकरीत, दुसरी गेली चौदा वर्षे तासिका तत्त्वावर; म्हणजे सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या, आणि मे महिन्यात कुठेच नाही. असल्या जोडप्याने फिरत्या घराचे डोहाळे बाळगू नयेत हे आम्हालाही कळते. पण गाडी आमच्यासाठी नव्हतीच. ती आईंसाठी होती. आमच्यापैकी एकाच्या आई, एकीच्या सासूबाई.

आईंचे माहेर राजापूर तालुक्यात. भाऊ गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, त्या तिकडे गेल्या नव्हत्या. विचारले की म्हणत, ‘आता कशाला?’ हे उत्तर आम्ही कित्येक वर्षे वैराग्य म्हणून वाचले. मराठीचे अध्यापक असल्यामुळे शब्दांमागचा अर्थ आपल्याला चटकन लागतो असा आमचा समज होता, तो इथे साफ खोटा ठरला. खरा प्रश्न निराळा होता. मधुमेहामुळे आईंना तासातासाला लघवीला जावे लागते, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, आणि रेल्वेच्या हलत्या डब्यातल्या त्या खोलीची त्यांना भीती वाटते. डोंबिवलीला लग्नाला जायचे असले तरी त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी सोडत. हे उपवासाचे रहस्य सुनेला समजले ते त्या चक्कर येऊन पडल्यावर. मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या संघटनांनी मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी केली, तेव्हा तिच्यावरची कात्रणे आम्ही वर्गात वाचून दाखवली होती. घरातली कात्रणे मात्र वाचायची राहून गेली.

तेव्हा आम्हाला हवे होते ते प्रवासी घर नव्हे. एक चालते न्हाणीघर आणि त्याला जोडून पाठ टेकायला फळी.

परदेशात लोक जुन्या व्हॅन घेऊन त्यांत स्वतःच्या हाताने पलंग, चूल, कपाटे बसवतात. युरोपातून निघून इराण-अफगाणिस्तानमार्गे गोव्याला पोचणाऱ्या फोक्सवॅगन गाड्यांच्या कथा आमच्या पिढीनेही ऐकल्या आहेत. १९७९ च्या उलथापालथीनंतर तो रस्ताच मिटला. आपल्याकडे तशी जुनी परदेशी गाडी आणायची म्हटले, तर तीन वर्षांहून जुने वापरलेले वाहन आयात करता येत नाही. पण ज्या ‘इम्पोर्टेड’ व्हॅनचा शोध घ्यायचा ती आमच्याच इमारतीखाली उभी होती. १९८४ साली आलेली मारुती व्हॅन ही मुळात जपानच्या सुझुकीची ‘कॅरी’. सुरुवातीच्या वर्षांत तिचे बरेचसे भाग तिकडूनच येत. १९८८ मध्ये तिला ऑम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ती भाजीवाल्याची, शाळेतल्या मुलांची, रुग्णांची आणि हिंदी चित्रपटातल्या अपहरणकर्त्यांची गाडी म्हणून जगली. जपानात गाडीत रात्र काढण्याला ‘शाचूहाकु’ असा स्वतंत्र शब्द आहे. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्या आणण्याची मुभा असल्याने तिथले हौशी लोक ‘कॅरी’च्या जपानी भावंडांना जहाजातून मागवतात. आम्ही २०२१ च्या दिवाळीत २००४ ची ऑम्नी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून घेतली. वाहतूक खर्च शून्य.

आता मापे. ऑम्नीची लांबी ३.३७ मीटर, रुंदी १.४१ मीटर, आणि आतून पत्र्यापासून पत्र्यापर्यंतची उंची जेमतेम चार फूट. इंजिन पुढच्या आसनांच्या खाली, त्यामुळे पुढे बसणाऱ्याला बैठक फुकट शेकून मिळते. मागचे आसन काढले की जी जमीन उरते तिच्यावर आमच्यापैकी कुणीही सरळ झोपू शकत नाही. आईंची उंची मात्र चार फूट दहा इंच. एका कडेला दोन फूट रुंदीची फळी, दुसऱ्या कडेला कमोडची पेटी, मध्ये पाऊल ठेवण्यापुरती वाट. औषधांच्या दुकानात मिळणारी कमोडची खुर्ची आणली, पण तिच्यावर बसले की डोके छताला लागत होते. घरी आम्ही टेबलाखाली स्टूल ठेवून आणि छत्री आडवी धरून बरेच प्रयोग केले. अखेरीस दहा इंच उंचीची पेटी ठरली. त्यावरून उठायचे तर हाताला आधार हवा, म्हणून पलंगाचा एक खांब मुद्दाम वर काढून त्याला सुताची जाड गुंडाळी केली.

आधार म्हणून सरळ गाडीच्या पत्र्यालाच दांडा का जोडला नाही, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांत मालकाला फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे, पण त्याचा रोख पर्यटन-व्यवसायाकडे. सासूच्या कमोडाची तरतूद त्यात नाही. म्हणून आमच्या गाडीत एकही नवे भोक नाही, एकही वेल्डिंग नाही. आसनाच्या मूळच्या बोल्टांच्या भोकांतच प्लायवूडचा सांगाडा बसतो आणि अर्ध्या तासात बाहेर येतो. कागदोपत्री ते सामान. (आसन काढून सामान भरणे हेही नियमाच्या काठावरचेच आहे, हे आम्ही जाणतो.) नोंदणीची मुदत २०२४ मध्ये संपली, तेव्हा दिवाणखान्यातले आसन पुन्हा गाडीत चढवले, तपासणी करून घेतली, पाच हजार रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर भरला, आणि आसन परत वर आणले. परदेशातून आणलेल्या गाडीला तेव्हा हेच शुल्क चाळीस हजार होते. कॅरीने नाव बदलून घेतले ते बरेच झाले.

काम करणारे सुतारमिस्त्री नवघर रस्त्यावरचे. ‘किचन ट्रॉली’ हा त्यांचा हातखंडा, त्यामुळे त्यांनी पलंगाखाली न मागता तीन खण करून दिले. उरलेला भुसा आम्ही पोत्यात भरून घेतला तेव्हा ते चमकले. कोरड्या शौचपात्रात तोच तर लागतो. प्रत्येक वेळी वरून दोन ओंजळी. खालचा डबा भाईंदर पूर्वेहून आणला. तिथे गाळ्यागाळ्यांतून स्टेनलेस स्टीलची भांडी घडतात, पत्रा ठोकल्याचा आवाज दिवसभर गल्लीत असतो. घट्ट झाकणाचा, कडीचा, दणकट डबा. आईंनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, ‘एवढ्या चांगल्या डब्यात दहा किलो तांदूळ राहिले असते ग.’ पडदे शिंप्याने शिवले. सरकत्या दाराला मच्छरदाणीचे कापड चिकटपट्टीने लागते. चुलीचा मोह आम्ही टाळला, कारण बंद गाडीत ज्योत पेटवणे किंवा इंजिन चालू ठेवून झोपणे म्हणजे विषारी वायूला अंथरूण घालून देणे.

या सगळ्या खटपटीत आम्ही दोघे इतके रमलो की त्याची लाज वाटावी असा प्रसंग घडला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. १९८० साली आलेल्या या आत्मकथनात गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव फिरणारे कैकाडी कुटुंब आहे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण त्या तासाला हटकून निघते. त्या वर्षी उत्साहाच्या भरात एकाने वर्गात ऑम्नीचा दाखला दिला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे आईवडील बांधकामांवर राहतात आणि इमारत उठली की पुढे सरकतात, शांतपणे म्हणाला, ‘सर, तुमचं बिऱ्हाड खाली उतरवता येतं.’ त्याने ते टोमणा म्हणून म्हटले नव्हते. आम्ही काही उत्तर दिले नाही, आणि आजही आमच्याजवळ उत्तर नाही. फक्त त्यानंतर आम्ही या गाडीला गमतीनेही बिऱ्हाड म्हणत नाही. या लेखाचा मथळा त्या मुलाकडून उसना घेतला आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये निघालो. निघालो म्हणजे दोघीच निघाल्या. मागचे आसन काढल्यावर गाडीत दोनच अधिकृत जागा उरतात हे सगळे जमून आल्यावर लक्षात आले. त्यामुळे मुलगा कोकण रेल्वेने आणि सून-सासू ऑम्नीने. पहाटे घोडबंदर रस्ता, ठाणे, पनवेल, मग पळस्पे फाट्यापासून तो अनेक वर्षे अर्धवट राहिलेला महामार्ग. वडखळ, कोलाड, माणगाव, महाड, कशेडीचा घाट. आई पुढच्या सीटवर. शेक लागू नये म्हणून खाली घडी घातलेली गोधडी. पहिल्यांदा थांबायला त्यांनी नागोठण्यापर्यंत नकार दिला. पडदा ओढून, दार सरकवून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, ‘बाहेर कोणी आहे का?’ कोणी नव्हते. पुढे चिपळूणपर्यंत चार वेळा थांबल्या, पण पाण्याच्या बाटलीला हात लावला नाही.

माहेरचे घर बंद होते. किल्ली एका भाच्याकडे, वीज दुसऱ्याच्या नावावर, आणि दोघांमध्ये अबोला. आईंनी हक्कसोडपत्रावर सही करून बराच काळ लोटला आहे. बहिणींनी ती करायची असते, तशी केली. कुलूप त्यांनी एकदा हातात धरून पाहिले आणि सोडले. मग गाडी मागेपुढे करवून अंगणात अशी लावून घेतली की सरकते दार तुळशीच्या समोर येईल. रात्री त्या फळीवर झोपल्या, आम्ही पडवीत चटई टाकली. पहाटे पाहिले तर त्या गाडीच्या दारात पाय खाली सोडून बसल्या होत्या. जमिनीला पाय पोचत नव्हते. डबा विहिरीजवळच्या माडाच्या आळ्यात रिकामा झाला. त्या जागेवरून मात्र त्यांनी दोन सूचना दिल्या आणि आळे आणखी खोल करवून घेतले.

दोन दिवसांनी परत निघायचे होते. राजापूर रोड स्थानकाच्या फलाटावर आमच्यातला एक गाडीची वाट पाहत असताना दुसरीचा लांज्याहून फोन आला. आईंनी पाणी मागितले होते. बाटलीचे झाकण भरून नव्हे, तांब्याभर. हातखंब्यानंतर पुन्हा. संगमेश्वरला टपरीपाशी गाडी थांबलेली असताना फोन चालूच होता, आणि मागून आईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, ‘त्याला म्हणावं दोन सांग. आणि माझ्यात साखर नको.’