मालगाडीची नाडी

यवतमाळकरांना रेल्वे म्हटलं की धामणगाव आठवतं. आमची शकुंतला कधीच थांबली, आणि वर्धा-नांदेड मार्ग २०२४ साली कसाबसा कळंबपर्यंत आला. त्यामुळे मुंबईहून रेल्वेने येणारा पाहुणा अजूनही बहुधा धामणगावलाच उतरतो.

२३ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री, याच मार्गावर मालखेड आणि टिमटाळा स्टेशनांच्या मध्ये कोळशाच्या मालगाडीचे २० डबे घसरले. ऐन दिवाळीत कितीतरी गाड्या रद्द झाल्या, काही वळवल्या. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. डबा घसरतोय हे ड्रायव्हरला कळतं तरी कधी?

मालगाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब. मधल्या एखाद्या डब्याचं चाक रुळावरून उतरलं तर इंजिनात ते जाणवेलच असं नाही. चाक स्लीपर फोडत फरफटत जातं, आणि पुढे सांधा आला की सगळंच विस्कटतं. ऑगस्ट २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड बोगद्यात असंच झालं. चाक तुटलं तरी गाडी काही किलोमीटर धावत राहिली. बोगदा पूर्ण सुरू व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला!

माझे एक मामा गेटमन होते. गाडी जाताना झेंडा धरून उभं राहणं लोकांना सलामीसारखं वाटायचं. खरं काम वेगळंच. तापलेल्या ॲक्सलचा धूर, लोंबणारा एखादा भाग, चाकाचा आवाज, यातलं काही खटकलं की लाल झेंडा. मामा म्हणायचे, "नुसतं पाहू नोको, आयक."

आता गेटं जाऊन पूल होतायत. मामांचं काम यंत्रांकडे चाललंय. रुळाला बसवलेले सेन्सर चाकाचा ठोका मोजतात, मायक्रोफोन बेअरिंगची घरघर ऐकतात. डब्याखाली लावायचं एक उपकरण तर असं असतं, की चाक उसळायला लागलं की ते ब्रेक पाइपची हवाच सोडून देतं.

पण यंत्र बसवलं की झालं का? ३ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेत ईस्ट पॅलेस्टाइनजवळ एका बेअरिंगचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा आधी ३८, मग १०३, शेवटी २५३ अंश फॅरनहाइट जास्त भरलं. शेवटच्या दोन यंत्रांमध्ये अंतर सुमारे २० मैल. घंटा वाजली तोवर उशीर झाला होता. ३८ डबे घसरले, त्यात विषारी रसायनांचेही होते.

वणीचा कोळसा काही थांबणार नाही. म्हणून मला वाटतं, सेन्सर किती भारी आहे यापेक्षा पुढचा सेन्सर किती लांब आहे, हे आधी विचारावं. गेटमनचा डोळा काढून घेतला, तर त्या जागी दुसरा डोळा हवाच ना?